भिंगरीमाय आणि रुसलेला फिल्टर

मी एकदा पाण्याच्या फिल्टरचा सांधा कणकेनं लिंपला होता. घाईत नव्हे, अंधारात नव्हे. दिवसाढवळ्या, पदर खोचून, कणीक चांगली घट्ट मळून. लिंपून झाल्यावर दोन पावलं मागं सरले, मान तिरपी केली आणि स्वतःलाच म्हणाले, "वा कुंदा, हाताला वळण आहे हो तुझ्या!" नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, आजी रचून सांगते. अरे, रचायचंच असतं तर मी स्वतःला थोडी अक्कल रचून नसती का घेतली?

तेव्हा मी चाळिशीच्या आतली, मॅट्रिक पास, आणि भंडाऱ्याच्या आमच्या आळीत आपल्याइतकी टापटीप बाई दुसरी नाही अशी माझी पक्की खात्री. त्या टापटिपीपायी घरातून एक माणूस जवळजवळ निघून गेलं होतं. ते माणूस म्हणजे माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल लिहायला बसले आणि माझा मूर्खपणाच आधी येऊन बसला. त्याला पहिल्यापासून पुढं पुढं करायची खोड आहे.

तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, तोंडात कोणाच्याच नव्हतं. करडीत, आमच्या सासरच्या गावी, सगळे तिला भिंगरी म्हणत. माझ्या मुलांनी त्याला माय जोडली. मी तिला समोर 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत असे. पण भिंगरीमाय म्हटल्यावर 'त्या' म्हणवत नाही, म्हणून इथं ती 'ती'च राहू दे.

भिंगरीमायला बसलेली कोणी पाहिली नव्हती. चहा उभ्यानं. जेवण उकिडव्यानं, तेही एक टाच उचललेली, म्हणजे कोणी हाक मारली तर उठायचा वेळ वाचावा. घरात वंदना सुरू झाली की आम्ही सगळे बुद्धाच्या फोटोसमोर हात जोडून मांडी घालत असू, आणि ही दाराच्या चौकटीशी उभी. ओठ वंदनेत, डोळे चुलीकडे. मी नवी नवी होते तेव्हा एकदा शहाणपणानं म्हणाले, "बाई, पाच मिनिटं बसावं, चित्त स्थिर होतं." ती म्हणाली, "बुद्धाचं चित्त थाऱ्यावर होतं म्हनून ते बसले. माहं दुधावर आहे." आणि दूध उतू जाण्याआधी खरोखरच पोचली. तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. भिंगरीमाय त्यात 'मी जातो'च जास्त बोलायची.

वस्तू उघडून पाहायचं तिला वेड होतं. घड्याळ बंद पडो, स्टोव्ह भुरभुरो, कुकरची शिटी घसा बसल्यासारखी वाजो, ही कंबर कसून हजर. "पाहू तं काय म्हनते," असं म्हणून ती आधी त्या वस्तूला कान लावायची, मग पेचकस. तिचं एक शास्त्र होतं: "काहीच बिघडत नाही, फकत अटकते." शास्त्र मोठं होतं, यश मात्र मध्यम. भासऱ्यांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, रेडिओ तिनं दुरुस्त केला तेव्हा एक स्क्रू हातात उरला. भासरे बिचारे गरीब माणूस, त्यांनी नुसता बोटानं दाखवला. ती म्हणाली, "हा त्याच्या पोटात उगाच होता." त्यानंतर रेडिओ लागायचा, पण त्याच्या मनाला येईल तेच केंद्र लावायचा. भासऱ्यांनी पुढं कित्येक वर्षं शेतीच्या बातम्यांच्या ऐवजी कुठल्यातरी परक्या भाषेतली गाणी ऐकली, आणि तक्रार केली नाही.

पण पाण्याच्या बाबतीत तिला गाव मानत असे. करडीच्या तलावाचं पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, सोडायचं जे तोंड असतं, त्याला तिकडे तुडुम म्हणतात. एका वर्षी रोवणीच्या ऐन घाईत ते तुंबलं. माणसं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी राहून कोणी उतरायचं याचा विचार करत होती. विचार चालू असतानाच भिंगरीमायनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पाण्यात बुडी मारली. वर आली ती शेवाळ, काड्या आणि कोणाचातरी हरवलेला धोतराचा तुकडा घेऊन. पाणी खळाळलं. धोतर कोणाचं यावर नंतर बराच वाद झाला आणि कोणीही ते आपलं म्हणून घेतलं नाही. तेव्हापासून कुठंही पाणी अडलं की भिंगरीमायला वाटायचं, खाली काहीतरी गुंतलंय. नेहमी तसं नसायचं. पण तिला नेहमी तसंच वाटायचं.

मग जिल्हा तुटला. गोंदिया वेगळा झाला, आणि कचेरीतल्या अर्ध्या फायलींबरोबर आमच्या ह्यांचीही खुर्ची तिकडे गेली. हे सोमवारी पहाटे जायचे, शनिवारी यायचे. मी, माझी रंजू आणि तिचा धाकटा भाऊ, असे आम्ही तिघं भंडाऱ्याला. माझा जीव थाऱ्यावर नसे. रात्री दाराची कडी दोनदा बघायची, वीज गेली की मुलांना मोजायचं. दोनच होती, तरी मोजायचं. त्यातच पोळा झाल्यावर करडीहून निरोप आला की भिंगरीमायला कावीळ झाली आहे. गावात तिच्या गळ्यात काविळीची माळ घालून झाली होती. माळ सांगितल्याप्रमाणे लांबत गेली, कावीळ मात्र जागची हलली नाही. शनिवारी हे परस्पर करडीला गेले आणि तिला घेऊन आले. डोळे हळदीच्या पाण्यात बुचकळल्यासारखे, अंगावर लुगडं लोंबतंय, आणि घरात शिरताक्षणी पहिलं वाक्य काय? "कुंदे, तुह्या दाराचं बिजागर कुरकुर करून राहिलं. तेल दे."

डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आराम, साधं जेवण, आणि पाणी एकदम स्वच्छ. गावी पाठवू नका, निदान डोळे पांढरे होईपर्यंत. आत्ता उतरेल. पण अर्धवट बरी असताना जाऊन शेतात राबली, कसलंही पाणी प्यायली आणि कावीळ उलटली, तर मग मला धरू नका." करडीच्या शेजारच्याच घरातली एक बाई अशीच उलटलेल्या काविळीनं गेली होती, हे मला माहीत होतं. भिंगरीमायलाही होतं.

आता तिला एका जागी ठेवायचं म्हणजे वाऱ्याला खुंटीवर टांगायचं. पाण्याचंही अवघड. वैनगंगेला पूर होता, नळाला चहासारखं पाणी. मी तुरटी फिरवायची, फडक्यानं गाळायची, उकळायची. उकळलेलं पाणी ती तोंडात घेई आणि तोंड वाकडं करी. "हे मेलेलं पानी होय, कुंदे. गळ्याखाली उतरते तं खरं, पन जीवाले लागत नाही." घोटभर पिऊन पेला ठेवून द्यायची. शेवटी ह्यांनी बाजारातून स्टीलचा फिल्टर आणला: एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्यात दोन पांढऱ्या कांड्या, खालच्याला टोटी. वरच्या भांड्यात पाणी ओतायचं, ते कांड्यांतून झिरपून खाली उतरायचं. ह्यांनी तो जोडला, मला चार गोष्टी सांगितल्या आणि सोमवारी गोंदियाला गेले. चारातल्या दोन मी ऐकल्या. उरलेल्या दोन वेळेला मी त्या फिल्टरला क्रोशाचा झगा कोणत्या रंगाचा विणावा हे ठरवत होते.

हो, झगा. तेव्हा आम्ही टीव्हीला, रेडिओला, टेलिफोन असेल तर टेलिफोनलाही क्रोशाचे कपडे घालत असू. फिल्टरला मी गुलाबी झालरीचा घातला. फिल्टर त्यात बारशाला निघालेल्या बाळासारखा दिसायला लागला. पाणी मात्र छान यायचं. भिंगरीमाय पहिला पेला उभ्यानंच घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "हं. हे जितं पानी." माझी छाती गुलाबी झालरीएवढी फुगली.

आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्या पेल्यात मुंगी तरंगली.

ती तिच्या लक्षात यायच्या आधी मी पेला उचलला, मोरीत ओतला आणि काहीतरी बहाणा केला. मॅट्रिक पास कुंदाच्या घरात, काविळीच्या माणसाच्या पाण्यात, मुंगी! झगा वर करून बघते तर वरचं आणि खालचं भांडं जिथं बसतं त्या सांध्यातून मुंग्यांची बारीक रांग आत चाललेली. आता शहाणी बाई काय करेल? फिल्टरच्या तिपाईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवील. दुधाच्या जाळीच्या कपाटाखाली मी स्वतः त्या कित्येक वर्षं ठेवत होते! पण मी धानवाल्या घरची सून. सासरी बांबूच्या ढोलीत धान भरलं की तिचं तोंड शेणमातीनं असं लिंपतात की किडा काय, वारासुद्धा आत जाऊ नये. माझ्या डोक्यात तीच ढोली आली. स्वैपाकघरात शेणमाती कशी चालेल, म्हणून कणीक. सांध्याभोवती वळी फिरवली, बोटानं दाबली, ओल्या फडक्यानं गुळगुळीत केली, वरून झगा सोडला. मुंगीच काय, वारासुद्धा आत जाणार नाही, असं मला वाटलं. आणि ते अगदी खरं निघालं.

फिल्टरची टोटी त्याच दिवसापासून रुसली. पेला अर्धा भरेपर्यंत धार बारीक होई, मग नुसते थेंब, मग टोटी 'गुडुक' करून एक उसासा टाकी आणि गप्प. वरच्या भांड्यात पाणी तसंच तुडुंब. मुलं फिल्टरकडे गेली की मी ओरडायचे, "ते मोठ्या मायचं पाणी आहे, तुम्ही माठातलं गाळून प्या!" हे मी तिच्या देखत ओरडायचे. मला वाटायचं, तिला बरं वाटत असेल.

बिघडलेली वस्तू घरात असताना भिंगरीमाय खाटेवर पडून राहील, हे होणंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर ती फिल्टरच्या टोटीला कान लावून उभी.

"बाई, तुम्हाला झोपायला सांगितलंय ना?"

"झोपलो होतो. तो बोलवून राहिला."

"कोण?"

"हा तुहा बाळ. पाहू तं काय म्हनते." टोटी 'गुडुक' म्हणाली. भिंगरीमायनं मान हलवली. "खाली गुतलं काहीतरी."

आधी तिनं टोटीच्या तोंडात खराट्याची काडी घालून पाहिली. तुडुमाचाच अनुभव! काहीच निघालं नाही. फक्त काडी आत मोडली, आणि मग ती काडी काढण्यात अर्धी सकाळ गेली. मग तिला वाटलं, वरून वजन कमी पडतं. म्हणून वरचं भांडं काठोकाठ भरलं. क्षणभर धार आली, पुन्हा थेंब. मग झाकण उघडून कांड्या पाहिल्या. त्यांच्यावर पुराच्या गाळाचा तपकिरी थर बसला होता. ती हरखली. "सापडला! नाक चोंदलं याचं!" मऊ ब्रशनं तिनं जागच्या जागीच त्या घासल्या, गढूळ पाणी वाटीवाटीनं उपसलं, पुन्हा घासलं. कांड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. ह्यांनी सांगितलेल्या आणि मी न ऐकलेल्या दोन गोष्टींतली एक बहुधा हीच असावी. आम्ही दोघी पेला धरून उभ्या राहिलो. रंजूही शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन बघायला थांबली. थेंब... थेंब... गुडुक.

"मंग मधातच आहे काहीतरी," भिंगरीमाय म्हणाली, आणि दोन भांडी वेगळी करायला तिनं झग्याची झालर वर केली.

कणीक दिसली की मुंग्या निघणार, मुंग्या निघाल्या की ती पेल्यातली मुंगी निघणार, आणि मग आळीभर, करडीभर... मी ताडकन पुढं झाले. "बाई, तिथं हात लावू नका!"

आवाज जरा जास्तच चढला असावा. ती थांबली. हात मागं घेतला. हात कोरडाच होता, तरी तिनं तो लुगड्याला पुसला.

"दुकानवाल्यानं सांगितलंय," मी थाप मारली, "खालच्या भांड्याला कोणी हात लावायचा नाही म्हणून."

"कोनी नाही का मी नाही?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "कोणीच नाही," आणि लगेच पेला घेऊन त्याच भांड्याची टोटी सोडली. इतकी मी हुशार.

त्यानंतर भिंगरीमाय फिल्टरच्या वाटेला गेली नाही. तहान लागली की रंजूला हाक मारायची, "बाई, जरासं पानी आनून दे वो." स्वतः उठायची नाही. खाटेवर पडून राहायची, आढ्याकडे बघत. आणि मी काय समजले? समजले, चला, एकदाची टिकली एका जागी! डॉक्टरांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आता त्या पूर्ण आराम करतात. डॉक्टर म्हणाले, "आराम ठीक, पण पाणी कमी जातंय. जीभ बघा किती कोरडी."

खरंतर मलाही तिच्याशी धड बोलवत नव्हतं. थाप मारलेल्या माणसाची जीभ जड होते. तिनं काही विचारलं की मी 'हो', 'नाही', 'बघते' एवढंच बोलायची आणि भांडी घासायला बसायची. इतकी भांडी त्या घरात नव्हती, जितकी मी त्या दिवसांत घासली. घर कसं गप्प झालं. बिजागरालाही तेल मिळालेलं असल्यामुळे तेवढाही आवाज नाही. नुसती ती टोटी, मधूनच 'गुडुक'.

एके दिवशी सकाळी मी मोरीतून बाहेर आले तर भिंगरीमाय केस विंचरून, लुगडं नीट नेसून दारात उभी, हातात पिशवी. डोळे अजून पिवळेच.

"हे काय बाई?"

"दुपारच्या एसटीनं जातो म्हनतो. धान निसवून राहिलं, लोंब्या फुटून राहिल्या. तुहे भासरे एकटेच हायेत."

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय!"

"डाक्टरच्या बांधीत थोडीच निसवून राहिलं?"

"बाई, उलटली म्हणजे? त्या शेजारच्या बाईचं काय झालं, विसरलात?"

"नाही विसरलो. तिचं मढं मीच धुतलं होतं." एवढं बोलून ती चपला शोधायला लागली.

मी हात जोडले, रागावले, ह्यांची भीती घातली. हे गोंदियाला, त्यांची भीती मलाच वाटत नव्हती तर तिला कुठून वाटणार! रंजू रडायला लागली. भिंगरीमायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माह्या पायाले भिंगरी हाये नं, पोरी. तिचा इलाज नाही." आम्ही ते खरं मानलं. तिला घरात बांधून कोणी ठेवू शकलं नव्हतं, मी तरी कोण?

निदान वाटेत तरी वाईट पाणी पिऊ नये म्हणून मी बाटली घेतली आणि फिल्टरची टोटी सोडली. थेंब. थेंब. गुडुक. बाटलीचा तळ ओला झाला नाही. तिकडे ती पायात चपला घालत होती. मला एकदम काय झालं कोण जाणे. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं, कडी, वीज, गोंदिया, मुंगी, थाप, सगळं हातांत उतरलं. मी तो गुलाबी झगा ओढून फेकला, वरच्या भांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पिळून वर खेचलं.

फस्स!

इतका मोठा सुस्कारा मी माणसाचाही ऐकला नव्हता. भांड्यातलं पाणी हिंदकळून माझ्या पोटावर आलं. वाळलेल्या कणकेचं कडं निखळून जमिनीवर पडलं, गोल, अख्खं, बांगडीसारखं. आणि माझ्या हातातल्या भांड्याच्या बुडातून, दोन्ही कांड्यांच्या तोटक्यांतून, टपटपटपटप पाणी सुरू झालं.

भिंगरीमाय एक चप्पल घालून तशीच आत आली. वस्तू उघडी पडलेली असताना ती दाराबाहेर कशी जाणार! आधी कांड्यांकडे पाहिलं, मग वाकून ते कडं उचललं. वास घेतला.

"हे काय होय, कुंदे?"

"कणीक."

"कनीक कोन लावली इथं?"

"मी."

"काहून?"

"मुंग्या जात होत्या." माझा आवाज माझ्याच पायाशी पडला. "तुमच्या पेल्यात निघाली एक. मला लाज वाटली. म्हणून लिंपलं. म्हणून तुम्हाला हात लावू दिला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कड्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी भांडं कवटाळून उभी, पोट भिजलेलं, खाली थारोळं. "म्हंजे याचा वाराच कोंडला तुनं?" ती म्हणाली. "खालचा वारा बाहेर निघन तवा वरचं पानी आत उतरन नं, बावळे! म्हंजे मी नाक साफ करून राहिलो याचं, आन् तू गळा दाबून उभी?" आणि हसायला लागली. ती हसत हसत भिंतीला टेकली, भिंतीवरून घसरली आणि खाली बसली. मांडी घालून. रंजू रडायची थांबली आणि किंचाळली, "आई, मोठी माय बसली!"

त्या दुपारची एसटी भिंगरीमायशिवाय गेली. मी पिशवी उचलून आत ठेवली तेव्हा तिनं अडवलं नाही. तिपाईखाली वाट्या आल्या, फिल्टर विनाझग्याचा राहिला. तिनं उठून स्वतःच्या हातानं टोटी सोडली, पेला भरला, प्यायली, पुन्हा भरला. मग दिवसभर तेच. मुलांनाही बोलावून बोलावून पाजलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या घराचं पोट डब डब वाजत होतं.

दसरा झाल्यावर तिचे डोळे पांढरे झाले. तोवर तिनं माझं शिलाई मशीन उघडलं, आळीतल्या दोघींचे स्टोव्ह उघडले, आणि एक स्प्रिंग उरली ती मला देऊन म्हणाली, "राहू दे, कामी पडन." माझ्याकडे ती अजून आहे. कामी पडलेली नाही.

भिंगरीमाय जाऊन आता बरीच वर्षं झाली. काविळीनं नाही, चांगली म्हातारी होऊन, शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्यांच्या घरात पेचकस घेऊन फिरून. माझ्या स्वैपाकघरात आता भिंतीवर विजेवर चालणारं यंत्र आहे. त्याची धार बारीक झाली की सून फोन लावायला धावते, आणि मी तिला थांबवून आधी यंत्राला कान लावते. सुनेला वाटतं सासूबाईंना कमी ऐकू येतं.

ती बरी होऊन निघाली तो दिवस मात्र मला कालच्यासारखा आठवतो. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले होते. करडीची गाडी लागली होती, कारध्याच्या पुलावर खोळंबा आहे म्हणून ड्रायव्हर चहा पीत होता. भिंगरीमाय अर्थातच उभी. मला मस्करीची लहर आली. मी म्हणाले, "बाई, आता खरं सांगा. त्या दिवशी धानाचं नुसतं निमित्त होतं ना? एका जागी पडून पडून पाय शिवशिवले, म्हणून पळत होतात ना?"

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. गाडीचा दांडा धरून पायरीवर चढली, तिथून वळली, आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली,

"पायाचं नव्हतं, कुंदे. लहानपनी विहिरीवर मानसं म्हनत, हात नोको लावू. तवा घरी येऊन मायपाशी रडत होतो. तुह्या घरी तूच म्हनलीस, तं मले समजूनच नाही राहिलं का आता रडाले कोनाच्या घरी जाव."